चहा उलट स्वस्त झाला होता, मग बोस्टनवाल्यांनी तो समुद्रात का फेकला?

नदीकाठचा_वाचक
मंडळी, एक शंका आहे. शाळेत आपल्याला एवढंच सांगितलं की इंग्रजांनी अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत चहावर कर लावला, लोक भडकले, जहाजावर चढून चहा फेकला आणि क्रांती झाली. पण परवा वाचत बसलो होतो तर कळलं की १७७३ च्या टी अ‍ॅक्टने नवीन कर लावलाच नव्हता, रतलामागे (म्हणजे पौंडामागे) ३ पेन्सचा कर १७६७ पासूनच होता, उलट नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा आधीपेक्षा स्वस्त पडणार होता. आता स्वस्त मिळतंय म्हटल्यावर माणूस रांग लावेल की पेट्या फोडेल? की हा सगळा स्मगलर लोकांचा खेळ होता आणि आपण उगाच स्वातंत्र्यलढा म्हणतो? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

फटकळ_अण्णा
स्मगलरांचाच खेळ, दुसरं काय. कंपनीचा १ कोटी ७० लाख रतल चहा लंडनच्या गोदामात पडून, कंपनी बुडायला आलेली, तिला वाचवायला पार्लमेंटने थेट अमेरिकेत माल विकायची मुभा दिली. चोरून डच चहा आणून गब्बर झालेल्यांच्या पोटावर पाय आला. बोस्टनचा बडा व्यापारी आणि पुढारी जॉन हॅनकॉक, त्याची लिबर्टी बोट १७६८ मध्ये स्मगलिंगच्या संशयावरून कस्टमने जप्त केली होती, यातच काय ते समजा.

जुनी_वही
अण्णा, स्मगलर होते हे खरंय, पण मग पुढचं काही जुळत नाही ना. आडगावातला शेतकरी, ज्याचा चहाच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही, तो वर्षभरात कामधंदा सोडून रस्त्यावर का आला? चहाच्या किमतीत अडकू नका, त्या ३ पेन्सचं पुढे काय व्हायचं ते बघा.

बोस्टन ज्या वसाहतीत येतं त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजाने नेमलेला, पण त्याचा पगार मंजूर करायची तिथली निवडून आलेली असेंब्ली. साहेब फार ताठला की पगार लटकवायचा, सरळ हिशोब. ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडच्या १७६७ च्या कायद्यात मेख अशी की कर वसूल करायचा आणि त्यातून गव्हर्नर, न्यायाधीश यांचे पगार परस्पर भागवायचे. १७७० मध्ये बाकीचे कर उठवले, चहाचा तेवढा ठेवला. १७७२ मध्ये कळलं की गव्हर्नर हचिन्सनचा पगार आता राजाकडून येतोय आणि वरिष्ठ कोर्टाच्या न्यायाधीशांचाही येणार, त्यावरूनच बोस्टनचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स वगैरेंनी नोव्हेंबरात बोस्टनची पत्रव्यवहार समिती काढली, गावोगावी पत्रं धाडली आणि गावंही सभा भरवून ठराव पाठवायला लागली. म्हणजे चहा यायच्या वर्षभर आधीच सगळं जाळं तयार. अशात स्वस्त चहा येतो, जो विकत घेतला की कर आपोआप भरला जाणार आणि आपल्या डोक्यावरचा साहेब आपल्याच पैशाने आपल्याला जुमानेनासा होणार. वर कंपनीचे एजंट कोण, तर हचिन्सनची दोन मुलं!

जहाज परत पाठवा म्हणाले तर हचिन्सन परवाना देईना, आणि २० दिवसांत कर भरला नाही तर कस्टम माल जप्त करणार. १६ डिसेंबरला मुदत संपत आलेली, ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये हजारो माणसं कोंबलेली, जहाजाचा मालक रॉच गव्हर्नरकडे मिल्टनला गेलेला, तो अंधार पडल्यावर हात हलवत परत आला. मग मोहॉक या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांची सोंगं घेऊन तीन जहाजांवर चढले, ३४० पेट्या, सुमारे ९२,००० रतल चहा पाण्यात. बाकी कशाला हात लावला नाही, एक कुलूप फुटलं ते नंतर भरून दिलं, आणि एकाने कोटात चहा लपवला तर त्याला तिथल्या तिथे बदडला.

खरा भडका मात्र १७७४ मध्ये, पार्लमेंटने याची शिक्षा म्हणून केलेल्या कायद्यांनी. १ जूनपासून बोस्टनचं बंदर बंद, ते एक. पण दुसरा कायदा जास्त झोंबला: गव्हर्नरचं सल्लागार मंडळ, म्हणजे कौन्सिल, आता राजा नेमणार आणि गावाची सभा वर्षातून एकदाच, जास्त हवी तर गव्हर्नरला विचारा. ६ सप्टेंबरला मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टर गावात कोर्ट भरणार होतं. ३७ गावांतली ४,६२२ माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि न्यायाधीश आणि कोर्टाचे अधिकारी टोपी हातात घेऊन मधून चालले, थोडं पुढे गेलं की थांबायचं आणि नव्या कायद्याखाली काम करणार नाही असं पुन्हा वाचून दाखवायचं, मागच्यांनाही ऐकू जायला हवं म्हणून. एक गोळी न उडता त्या भागातली राजाची सत्ता संपली, लेक्सिंग्टनच्या, म्हणजे युद्धाच्या पहिल्या लढाईच्या, सात महिने आधी.

फटकळ_अण्णा
वुस्टरचं माहीत नव्हतं, भारी आहे. पण हॅनकॉक मी सोडणार नाही 😄

मावळती_दिशा
छान प्रतिसाद. दोन गोष्टी जोडते. कंपनीचा धसका नुसता धंद्यापुरता नव्हता, बंगालच्या दुष्काळात कंपनी कशी वागली याच्या बातम्या तिकडे पोचल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सनने १७७३ मध्ये रस्टिकस या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात तेच काढलंय, आशियात यांनी काय केलं बघा आणि आता नजर अमेरिकेवर आहे.

दुसरं जरा कडू आहे. त्याच १७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामांनीही स्वातंत्र्यासाठी अर्ज दिले होते, गव्हर्नर आणि असेंब्लीकडे. साहेबाच्या पगारावरून रान उठवणाऱ्या असेंब्लीने त्यांच्यासाठी काही केलं नाही. या धाग्यात ते कुणीच काढलं नाही म्हणून लिहिलं.

जुनी_वही
काढायला हवं होतं, बरोबर आहे. आणि हे अर्ज देणारे लोक स्वातंत्र्याचे तेच शब्द असेंब्लीला परत ऐकवत होते, म्हणजे न कळण्याचा प्रश्नच नव्हता.

नदीकाठचा_वाचक
सगळ्यांचे आभार. पगाराचा अँगल कधी डोक्यातच आला नव्हता. शेवटचं एक, चहा फक्त बोस्टनलाच आला होता का?

जुनी_वही
नाही हो, चार बंदरांना पाठवला होता. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून माघारी गेला. चार्ल्सटनला कुणी कर भरेना म्हणून कस्टमने जप्त करून तळघरात टाकला, आणि १७७६ मध्ये बंडखोरांनी तोच चहा विकून लढाईला पैसे उभे केले.