‘पाच मिनिटांत निघणारे’ वयवंदना कार्ड

जुनी पर्वती: काल येथे एका सदस्यांनी लिहिले की, सत्तरीपुढच्या कोणालाही आयुष्मान वयवंदना कार्ड (रुग्णालयातील मोफत उपचारांचे सरकारी कार्ड) मोबाईलवर पाच मिनिटांत काढता येते, त्यामुळे नोंदणी शिबिरे ही केवळ इच्छुक उमेदवारांच्या फ्लेक्सची सोय आहे आणि ज्यांचे कार्ड अजून निघाले नाही त्यांना आळसच नडला आहे. मी वर्षभर दर शनिवारी जनता वसाहतीत हे अर्ज भरून देते, म्हणून उत्तर देणे भाग आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढे उत्पन्नाची अट राहिली नाही हे खरे, पण वय धरले जाते ते आधारवरचे. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींचा थोरला मुलगा ५६ वर्षांचा आहे आणि आधारनुसार आजी ६६ वर्षांच्या आहेत. आळस नेमका कोणाचा?

सिंहगड रस्ता: ते सदस्य मीच. वडिलांचे कार्ड मी आईने पाने वाढेपर्यंत काढले होते. अपवाद दाखवून नियम खोटा ठरत नाही. शिबिरात म्हाताऱ्या माणसांना साहेब येईपर्यंत दोन तास खुर्चीवर बसवून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे.

निवृत्त बिलिंग: कार्ड निघाले म्हणजे उपचार झाले, असे दोघेही गृहीत धरत आहात. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. अशाच एका रुग्णालयाच्या खिडकीवर मी १४ वर्षे काढली. “खाट शिल्लक नाही” हे वाक्य रजिस्टरमधून मान वर न करता सांगितले जाई, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हातात येईपर्यंत रुग्ण अनामत भरून मोकळा झालेला असे.

सिंहगड रस्ता: सांगितले जाई म्हणजे कोण सांगत होते? आपणच ना?

निवृत्त बिलिंग: होय, मीच. घरी दोन मुलींची शिक्षणे चालू होती. नंतर माझ्याच मावशीला दुसऱ्या एका खिडकीवर तेच ऐकावे लागले, तेव्हा तिथल्या मुलाशी भांडायला माझी जीभ उचलली नाही. आता आपण खुशाल उपदेश करावा.

जुनी पर्वती: खाटांचा हिशेब महत्त्वाचा आहे, परंतु आजी अजून त्या खिडकीपर्यंतही पोहोचलेल्या नाहीत. शिवाय या कार्डाचे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी असते. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही, आणि हे शिबिरात कोणी सांगत नाही. (फ्लेक्सबद्दल आपले म्हणणे मलाही पटते, पण ते आपल्याला सांगायची इच्छा नव्हती.)

सिंहगड रस्ता: बरे. ‘आळस’ हा शब्द मागे घेतो, ‘पाच मिनिटे’ही घेतो. फ्लेक्स घेणार नाही. पण आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करता येते की!

जुनी पर्वती: येते, पुरावा असल्यास. आजी शाळेत गेल्या नाहीत आणि गावच्या दप्तरात त्यांची जन्मनोंद सापडत नाही. शनिवारी सकाळी या, आणि पाने वाढेपर्यंत त्यांचे वय चार वर्षांनी वाढवून दाखवा.