गृहनिर्माण धोरणावर पीएचडी: विषय कसा निवडावा?

पागोळी:
आर्किटेक्चरनंतर नगररचनेत मास्टर्स केलं. आता पीएचडी करायची आहे. 'परवडणारी घरं' हा विषय डोक्यात आहे, पण गाईड म्हणतात फार पसरट आहे. पुढची सगळी कारकीर्द याच क्षेत्रात काढायची आहे. सुरुवात कुठून करावी?

उंबरठा:
गाईडचं बरोबर आहे. त्यातला असा एकच प्रश्न उचला, जो दहा वर्षांनीही तुमची पाठ सोडणार नाही. माझा प्रश्न होता: घर बांधून झाल्यावर देखभालीचे पैसे कोण भरतं? भाडं, अनुदान, मालकी हक्क हे सगळं पुढे त्यातूनच उलगडत गेलं.

प्रुइट-आयगो अभ्यासाला असेलच. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली सरकारी घरांची वसाहत, 11 मजली 33 इमारती. 1950च्या दशकात उभ्या राहिल्या, 1972 पासून पाडायला घेतल्या. कॉलेजात शिकवतात की आराखडा फसला. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायची, हे खरंच. आठव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईनं सामान घेऊन सातव्यावर उतरायचं आणि उरलेला जिना चढायचा. पण त्या जिन्यातले फुटलेले दिवे बदलले का जात नव्हते, हे नकाशात सापडत नाही, हिशेबात सापडतं. बांधकामाला केंद्र सरकारचा पैसा होता, देखभाल मात्र भाड्यातून भागवायची होती. शहरातली माणसं कमी होत गेली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली आणि मग राहिलेलेही निघाले. हे कळल्यावर मी ताळेबंद वाचायला शिकलो. आजही कुठल्याही वसाहतीत गेलो की आधी पंपाची खोली बघतो आणि दुरुस्तीचं रजिस्टर मागतो.

पागोळी:
सर, पण आमच्याकडे म्हणतील, हे अर्थशास्त्र झालं, नगररचना नाही.

उंबरठा:
म्हणू देत. व्हिएन्नाचं उदाहरण द्या. 1923 साली तिथल्या पालिकेनं घरांसाठी खास कर लावला, मोठ्या घरांना जास्त दरानं. त्याच पैशातून कार्ल-मार्क्स-होफसारख्या वसाहती झाल्या. 1930 मध्ये खुली झालेली ती वसाहत आजही नांदती आहे. पैसा कुठून येतो हे न बघता तिच्या अंगणांचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं.

चौकट:
उंबरठा यांच्याशी सहमत, पण एक भर. मी पालिकेत नगररचना विभागात आहे. हिशेबाचे कागद सहज हाती लागत नाहीत. विषय पक्का करण्याआधी कुठले कागद बघायला मिळतील हे लेखी विचारून घ्या. नाहीतर दोन वर्षं अर्ज करण्यातच जातात.

उंबरठा:
हे फार महत्त्वाचं. आणि सल्लागाराचं काम करताना अहवाल छापण्याचा हक्क करारात आधीच लिहून घ्या. आमचा चांगला अहवाल एका कार्यालयात तसाच पडून आहे, ती सल आजही आहे. पागोळी, प्रश्न एका पानात लिहून इथे टाका, मी वाचतो.