जॉन राजावर सरदार नेमके का उलटले?

निपाणीकर: वाचनालयाच्या चर्चेत मॅग्ना कार्टावर, म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजानं सरदारांना दिलेल्या हक्कांच्या सनदेवर बोलायचंय. सरदार नुसत्या करापायी उलटले काय? आणि सनद देऊनही लढाई का पेटली?

खानापूरवाला: करापायीच, पण आकारणी बघा. लढाईला न जाणाऱ्याकडून दर नाइटच्या (घोडेस्वार योद्ध्याच्या) जहागिरीमागं ढालपट्टी घ्यायची जुनी रीत. जॉननं 1214 ला ती 3 मार्क लावली. मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स. त्याच जुलैत फ्रान्सच्या राजाविरुद्ध बूव्हीनच्या लढाईत त्याचे दोस्त हरले, पैसा पाण्यात. वर वारसाचा नजराणा, म्हणजे वारशानं जहागीर घेताना राजाला द्यायची रक्कम! निकोलस द स्टुटव्हिलवर 10,000 मार्क बसवले. सनदेच्या दुसऱ्या कलमानं सरदारकीचा नजराणा 100 पौंडांवर बांधला.

येळ्ळूरकर: ढालपट्टीवर अडू नका, खरी गोम 61 व्या कलमात. 25 सरदारांनी राजाची चूक दाखवायची. 40 दिवसांत दुरुस्ती नाही, तर किल्ले-जमिनी जप्त. असलं कुठला राजा पाळतोय? जून 1215 ला शिक्का, ऑगस्टात पोप इनोसंट तिसऱ्यानं सनद रद्द. मग सरदारांनी धरलेल्या रोचेस्टर किल्ल्याला जॉनचा वेढा: बालेकिल्ल्याखाली सुरुंग खणला, लाकडी टेकू 40 डुकरांच्या चरबीनं पेटवले, कोपरा ढासळला.

निपाणीकर: मग सनद टिकली कशी हो?

येळ्ळूरकर: ऑक्टोबर 1216 ला जॉन मेला. नोव्हेंबरात राज्याचा कारभारी विल्यम मार्शलनं जॉनच्या 9 वर्षांच्या मुलाच्या, हेन्रीच्या नावानं ती पुन्हा काढली, 61 वं कलम गाळून.