शब्दचर्चा : ‘आमच्यात’ आणि ‘आपल्यात’

प्रश्न : स्वतःच्या धर्मातील लोकांत गेल्यावर, ते पूर्ण अनोळखी असले तरी, काही समजावून सांगावे लागत नाही आणि मन सैलावते. या अनुभवाला मराठीत नेमका शब्द कोणता? ‘आपुलकी’ मला अपुरा वाटतो.

उत्तर : ‘आपुलकी’ अपुरा वाटतो, कारण आपुलकी कोणीतरी कोणाला दाखवते किंवा ती कोणाबद्दल तरी वाटते. तुम्ही सांगता त्या अनुभवात शेजारी बसलेला माणूस तुमच्याशी एक शब्दही बोललेला नसतो, आणि तरीही आपण येथे उपरे नाही याची खात्री असते. ‘मोकळेपणा’ आणि ‘निर्धास्तपणा’ त्या खात्रीच्या जवळ जातात, परंतु त्यांत धर्माचा किंवा समूहाचा मागमूस नाही.

समूहवाचक शब्दांनीही फारसे भागत नाही. ‘स्वधर्मीय’ हा जनगणनेच्या तक्त्यात शोभावा असा शब्द आहे. ‘समानधर्मा’ संस्कृत नाटककार भवभूतीच्या प्रसिद्ध श्लोकामुळे रूढ आहे, पण तेथे त्याचा अर्थ आपल्याच वृत्तीचा, आपले म्हणणे जाणणारा असा आहे. धर्म एकच असण्याशी त्याचा संबंध नाही. ‘सहधर्मी’ लिहावे तर ‘सहधर्मिणी’, म्हणजे पत्नी, मध्ये डोकावते. पसायदानातली ‘मांदियाळी’ ईश्वरनिष्ठांची होती. आज ती कोणत्याही सोहळ्यातल्या पाहुण्यांची असते.

पारिभाषिक शब्दांपैकी दोन मला मोलाचे वाटतात. जैन परंपरेत एका धर्ममार्गाने जाणाऱ्यांना ‘साधर्मिक’ म्हणतात, आणि सम्यग्दर्शनाच्या, म्हणजे खऱ्या श्रद्धेच्या, 8 अंगांत ‘वात्सल्य’ मोजतात : गाईला वासराबद्दल वाटावे तसे सधर्मीयांबद्दलचे निर्हेतुक प्रेम. त्याच्या आधीचे अंग ‘स्थितिकरण’, म्हणजे डळमळू लागलेल्याला पुन्हा स्थिर करणे, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी ख्रिस्ती आशीर्वचनात ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ असा प्रयोग आहे आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चमधील समुदायाच्या, परस्परसंबंधालाही ‘सहभागिता’च म्हणतात. तथापि हे शब्द समूहाने काय करावे किंवा समूह कशाने बांधला जातो ते सांगतात. नुकत्याच येऊन बसलेल्या माणसाला काय वाटते ते सांगत नाहीत.

माझे मत असे की मराठीने हे काम नामाकडे न देता सर्वनामाकडे दिले आहे. ऐकणाऱ्याला वगळायचे असेल तर ‘आम्ही’ आणि सामावून घ्यायचे असेल तर ‘आपण’, हा भेद मराठी माणूस व्याकरण न शिकताही पाळतो. परधर्मीय सहकाऱ्याला उपवासाचे कारण सांगताना आपण ‘आमच्यात असे करतात’ म्हणतो, आणि त्या वाक्यामागून स्पष्टीकरण येतेच. याउलट, परगावच्या प्रार्थनेला प्रथमच गेलेल्या माणसासाठी एखादी वृद्ध व्यक्ती सतरंजीवर थोडी सरकते आणि हळूच सांगते, ‘आपल्यात शेवटची प्रार्थना उभ्याने म्हणतात बरं का.’ वास्तविक तिने एक नियम सांगितलेला असतो, कदाचित चूकही दाखवलेली असते. पण ‘आमच्यात’ न म्हणता ‘आपल्यात’ म्हटल्यामुळे ती सूचना स्वागतासारखी ऐकू येते. तुमच्या प्रश्नातले मन सैलावणे बहुधा याच क्षणी घडते.

म्हणून ‘मला तेथे आपल्यात आल्यासारखे वाटले’ हा प्रयोग मी सुचवेन. मात्र ‘आपल्यात’ जातीसाठीही सर्रास वापरतात, आणि ‘तुम्ही आपल्यातलेच ना?’ हा प्रश्न चाचपणीसाठी विचारला जातो, हे विसरून चालणार नाही. ज्याला त्याचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते त्याला तोच शब्द दार लावल्यासारखा वाटतो. धर्माचाच संदर्भ अभिप्रेत असेल, तर तो मागच्या-पुढच्या वाक्यातून स्पष्ट करावा लागेल.

आणखी एक उत्तर : वरील विवेचनात ‘माहेर’ राहिले. मूळ ‘मातृगृह’, परंतु संतांनी पंढरीला माहेर म्हटले तेव्हापासून या शब्दाला धार्मिक आपलेपणाचा अर्थ चिकटलेला आहे. ‘घरच्यासारखे वाटले’ यातला ‘सारखे’ हे घर नव्हे अशी कबुली देतो. ‘माहेरी आल्यासारखे’ म्हटले तरी तो ‘सारखे’ सुटत नाही, हे खरे, पण अर्थात मोठा फरक पडतो. घरात माणसाला कामे असतात आणि त्याच्याकडून अपेक्षा असतात. माहेरी केवळ आल्याचे कौतुक असते. सर्वनामाचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु सर्वनाम दुसऱ्याने उच्चारावे लागते. प्रश्नकर्त्याच्या वर्णनात तर कोणी बोलण्यापूर्वीच मन सैलावते, म्हणून तेथे माझी पसंती ‘माहेर’ला राहील.

प्रश्नकर्ता : ‘माहेर’ची छटा मला पटते, पण ज्या वाक्यासाठी मला हा शब्द हवा आहे, त्यातला निवेदक त्या पंथात नुकताच, स्वतःच्या निर्णयाने आलेला आहे. ज्याचे बालपण तेथे गेले नाही त्याने ‘माहेर’ म्हणणे ओढूनताणून वाटेल. त्याच्यासाठी मी ‘आपल्यात’ ठेवतो, आणि ते पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी घालतो.