जर्मन उद्योगांची पीछेहाट: महाग ऊर्जा की रखडलेली सार्वजनिक गुंतवणूक?

घाटवाट (चर्चाप्रस्ताव)

जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आकसली. त्यावरच्या बहुतेक चर्चा रशियाच्या स्वस्त वायूपाशी सुरू होतात आणि तिथेच थांबतात. वायू महागल्याचा फटका बसला हे खरेच, पण ते मूळ दुखणे नव्हे. ज्या सरकारने आपल्या रस्त्यांत, रेल्वेत आणि पुलांत वर्षानुवर्षे पुरेसा पैसा घातला नाही, त्या देशातले कारखाने स्वस्त वायू मिळत राहिला असता तरी मागे पडलेच असते, असे माझे ठाम मत आहे.

ल्यूडेनशाइडचे उदाहरण घ्या. डॉर्टमुंडहून फ्रँकफुर्टच्या दिशेने जाणाऱ्या ए-४५ महामार्गावर तिथे राहमेडे दरीवरचा १९६० च्या दशकातला पूल होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो धोकादायक ठरवून तडकाफडकी बंद केला आणि नुसता पाडायलाच मे २०२३ उजाडला. तोवर महामार्गावरचे अवजड ट्रक शहरातल्या रस्त्यांवरून जात होते. हा सगळा पट्टा धातूकाम करणाऱ्या मध्यम आकाराच्या, बहुधा एकाच कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यांचा आहे. त्यांचा माल मोटार कंपनीत ठरलेल्या वेळेला पोहोचावा लागतो, कारण तिथे साठा जवळजवळ ठेवलेलाच नसतो. मग ट्रक काही तास आधी सोडायचा, चालकाचे कायद्याने ठरवलेले तास वाटेतच संपले तर दुसऱ्याची सोय करायची, आणि हा वाढीव खर्च दरकरारात बसत नाही म्हणून स्वतःच सोसायचा. स्पर्धाक्षमता कमी होते ती अशी, आणि ती विजेच्या बिलात दिसत नाही.

२००९ मध्ये जर्मनीने केंद्र सरकारची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा तात्पुरता परिणाम वगळून उरणारी तूट) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांवर रोखणारी तरतूद राज्यघटनेत घातली. पुढे अशी वर्षे आली की जर्मन रोख्यांवरचा व्याजदर शून्याच्याही खाली होता, म्हणजे कर्ज देणाराच वर पैसे मोजायला तयार होता. पूल त्या वर्षांत बांधायला हवे होते.

रसायनी

आपले पुलाचे उदाहरण बोलके आहे, पण ते धातूच्या सुट्या भागांपुरते खरे आहे. रसायन उद्योगाला ते लागू होत नाही. लुडविग्जहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीचा जो अवाढव्य कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायू जाळायलाही लागतो आणि कच्चा माल म्हणूनही लागतो. अमोनियातला हायड्रोजन त्या वायूतूनच काढतात. वायूचा भाव वाढला की अशा कारखान्याला दोन्ही बाजूंनी मार बसतो, आणि काटकसर करून कच्चा माल कमी वापरता येत नाही. युक्रेन युद्धापूर्वी जर्मनीच्या वायूच्या आयातीपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या रशियाचा होता. तो आटल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने तिथला एक अमोनिया प्रकल्प आणि टीडीआयचा (फोम बनवायला लागणाऱ्या रसायनाचा) प्रकल्प बंद करण्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, सरकारने चालू स्थितीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्याही बंद केल्या. विजेचा पुरवठा कधी नव्हे इतका मोलाचा झालेला असताना घेतलेल्या या निर्णयाचे समर्थन मला आजही करता येत नाही.

घाटवाट

अणुभट्ट्यांबाबत मी आपल्याशी सहमत आहे. परंतु चीनमधल्या झानजियांगला सुमारे १० अब्ज डॉलरचा प्रकल्प उभारण्याचा मानस बीएएसएफने २०१८ मध्येच जाहीर केला होता, आणि तेव्हा रशियाचा वायू व्यवस्थित येत होता. कंपनी वाढत्या बाजारपेठेमागे निघाली होती. वायूच्या टंचाईने त्या वाटचालीला घाई आणली, एवढेच म्हणता येईल.

कातारी

मला दोघांचेही पटत नाही. मी श्टुटगार्टजवळ डिझेल इंजिनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन विभागात आहे. डिझेलचा इंजेक्टर दोन हजार बारहून अधिक दाबाने इंधन फवारतो. त्याची सुई आणि तिचे घर यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि ती फट हजारो नगांमध्ये तशीच राखणे ही या परिसराची दोन-तीन पिढ्यांची कमाई आहे. विजेवरच्या मोटारीत इंजेक्टरच नसतो. उद्या वीज निम्म्या दरात मिळाली आणि रस्ते गुळगुळीत झाले, तरी इंजेक्टरला गिऱ्हाईक परत येणार नाही. २०२३ मध्ये बीवायडी या चिनी मोटार कंपनीने चीनमध्ये सर्वाधिक खपाचा ब्रँड म्हणून फोक्सवागेनला मागे टाकले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागेनने २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा करार कामगार संघटनेशी केला. आपले कसब कुठे संपते हे जर्मन मोटार उद्योगाने उशिरा ओळखले, आणि त्याचे खापर सरकारवर फोडता येणार नाही. चाकणच्या आमच्या पुरवठादारांनाही मी हेच सांगत असतो.

मात्र कसब नव्या कामाला लावता येते, हेही इथेच दिसते. चिप बनवण्याची यंत्रे तयार करणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीच्या सर्वात प्रगत यंत्रांतले आरसे ओबरकोखेनहून झाइसकडून येतात आणि लेझर डिट्झिंगेनहून ट्रुम्फकडून. ही दोन्ही गावे माझ्याच राज्यातली आहेत, आणि वीज तिथेही महागच आहे.

हिशेबनीस

कर्ज काढून स्पर्धाक्षमता विकत घेता आली असती, तर इटली आज युरोपात पुढे असता. तिथले सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३० टक्क्यांहून अधिक आहे, जर्मनीचे साधारण ६० ते ६५ टक्के. शिवाय राहमेडेचा पूल पैशांवाचून अडला नव्हता. भूसंपादन, पर्यावरणाची तपासणी आणि परवानग्या यांत वेळ गेला. विल्हेल्म्सहाफेनला द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे स्थानक २०२२ मध्ये सुमारे दहा महिन्यांत उभे राहिले, कारण संसदेने खास कायदा करून परवानग्यांचा मार्ग आखूड केला.

घाटवाट

परवानग्यांचा आपला मुद्दा मला मान्य आहे, पण तो पुरेसा नाही. नगरपालिकांच्या बांधकाम विभागांतली अभियंत्यांची पदेच काटकसरीत घटली, आणि फाईल पुढे सरकवायला माणूस नसेल तर कायदा आखूड करून काय होणार? मार्च २०२५ मध्ये संसदेने राज्यघटनेत बदल करून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंच्या निधीची वाट मोकळी केली. माझी भीती अशी आहे की आधीच ठरलेली कामे या निधीच्या नावावर दाखवली जातील आणि नियमित अंदाजपत्रकातून सुटलेला पैसा करसवलतींकडे आणि निवृत्तिवेतनाकडे वळेल. हिशेबनीस, तसे झाले तर त्याला विरोध करायला आपण आणि मी एकाच बाजूला असू.