सॅफ गेम्समध्ये सगळं भारतच जिंकतो, मग मुलीपुढे ते ध्येय ठेवावं का?

आठवीची_आई:
नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे, ४०० मीटर पळते, जिल्ह्यापर्यंत गेलीये. परवा तिचे सर म्हणाले, हिचं पहिलं मोठं ध्येय सॅफ गेम्स (भारत आणि शेजारच्या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धा) ठेवा, एशियाड-ऑलिंपिक नंतर बघू. घरी येऊन शोधलं तर २०१९ ला नेपाळात झालेल्या गेम्समध्ये भारताची १७४ गोल्ड, दोन नंबरच्या नेपाळची ५१. त्याआधी २०१६ ला गुवाहाटी-शिलाँगला तर आपली एकूण पदकं तीनशेच्या वर. इतकं एकतर्फी असेल तर त्याचं मोल किती? आणि २०१९ नंतर गेम्स झालेल्याच दिसत नाहीत. कुणाला यातलं कळत असेल तर प्लीज सांगा.

लेन_नंबर_४:
ताई, सर बरोबर बोललेत. तक्त्यात भारताचा आकडा मोठा दिसतो पण तुमच्या मुलीला त्या तक्त्याशी नाही पळायचं, तिला आधी भारताच्या टीममध्ये यायचंय आणि तेच सगळ्यात अवघड आहे, एका इव्हेंटला मोजक्याच जागा. बरेचदा आपल्याकडून दुसरी फळी जाते म्हणून तर नवीन मुलांना इंडियाची जर्सी पहिल्यांदा इथे मिळते. आणि तिथे टायमिंग चांगलं आलं तर ते पुढे कामाला येतं. आपल्या नाशिकच्या कविता राऊतने २०१६ ला गुवाहाटीत मॅरेथॉनचं गोल्ड घेतलं, तीच वेळ ऑलिंपिकच्या पात्रतेत बसली आणि त्याच वर्षी ती रिओला पळाली.

खांब_ते_खांब:
मी खो-खोचा माणूस, त्यामुळे जरा वेगळं सांगतो. आम्ही शाळेत मातीवर सूर मारून गुडघे सोलवटून घ्यायचो, खपली धरायच्या आत परत सूर, आणि घरचे विचारायचे की हे खेळून पुढे काय. आमच्याकडे उत्तरच नव्हतं, कारण एशियाडमध्ये खो-खोला अजूनही पदक नाही. २०१६ ला सॅफमध्ये (आता नाव साउथ एशियन गेम्स आहे, पण आमच्या तोंडात सॅफच बसलंय) खो-खो पहिल्यांदा आला आणि मुलं-मुली दोन्हीकडे गोल्ड. मुलींची कॅप्टन सारिका काळे, आपल्या उस्मानाबादची, तिला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. तो निकाल ऐकला तेव्हा मला सगळ्यात आधी त्या घरच्यांच्या प्रश्नाची आठवण झाली. तिच्यानंतर खेळणाऱ्या पोरींना सांगायला काहीतरी आहे.

काठमांडू८४:
एकतर्फी म्हणताय ते भारताच्या बाजूने बघितलं म्हणून. शेजारच्या देशांच्या बाजूने बघा ना. १९८४ ला पहिल्या गेम्स काठमांडूला झाल्या, सात देश आणि फक्त पाच खेळ, तेव्हापासून मालदीव येतोय. त्यांना पहिलं गोल्ड मिळालं २०१९ ला, हसन सईदने १०० मीटर जिंकली तेव्हा. ३५ वर्षं! २०१० ला ढाक्यात पाकिस्तानची नसीम हमीद मुलींच्या १०० मीटरला पहिली आली, कराचीच्या कोरंगीतली मुलगी. फुटबॉलला तर २०१६ ची फायनल नेपाळने आपल्याला आपल्याच घरी हरवून जिंकली, २-१.
आणि बांगलादेशची माबिया अख्तर बघाच. गुवाहाटीत वेटलिफ्टिंगचं गोल्ड, पोडियमवर राष्ट्रगीत वाजतंय, ती सॅल्यूट करून उभी आणि डोळ्यांतून धारा. व्हिडिओ सापडेल, मुलीला दाखवा. २०१९ ला तिने परत गोल्ड घेतलं.

आठवीची_आई:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, यातलं काहीच माहीत नव्हतं. पण पुढच्या गेम्स होणार कधी?

लेन_नंबर_४:
चौदाव्या गेम्सचं यजमानपद पाकिस्तानकडे आहे आणि तारीख सारखी पुढे ढकलली जातेय, दोन देशांमधलं वातावरण तुम्ही बघताच. ढकलणं नवीन नाही, २००१ च्या गेम्स अशाच अडकल्या आणि शेवटी २००४ ला इस्लामाबादला झाल्या. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की २०१९ ला जो पोरगा १९ वर्षांचा होता आणि थोडक्यात टीममधून राहिला त्याची पंचविशी गेम्सची वाट बघण्यातच गेली, स्प्रिंटरकडे अशी किती वर्षं असतात. तुमची मुलगी लहान आहे, तिच्याकडे वेळ आहे. तोपर्यंत राज्य आणि नॅशनल सोडू नका, टायमिंगची वही ठेवा.

आठवीची_आई:
वही आजच आणली. माबियाचा व्हिडिओ पण दाखवला. तिने दोनदा बघितला आणि म्हणाली, आई, ती एवढी रडतेय पण हात खाली घेत नाहीये बघ.