बीव्हर नक्की कधी वितात? मे महिन्यात तळ्याचा बांध फोडायचं चाललंय

मिरजेची_ओटावात | ४ एप्रिल

नमस्कार. मी कॅनडात ओटावाच्या पश्चिमेला कनाटा भागात राहते. आमच्या वसाहतीमागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं तळं आहे. तीन वर्षांपूर्वी ओढ्याने वर चढत बीव्हरची (झाडं कुरतडून पाण्यावर बांध घालणारा, उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) एक जोडी तिथे आली. आज त्यांचा काठ्या-चिखलाचा बांध माझ्या कमरेएवढा आहे आणि पाण्यात मधोमध त्यांचं घर. काल कडेचा बर्फ सुटला आणि संध्याकाळी तिघं बाहेर आली: दोन मोठी आणि गेल्या वर्षीचं एक.

पायवाटेवर पाणी येतं म्हणून वसाहतीच्या समितीने १५ मेच्या आठवड्यात बांध फोडायचं ठरवलंय. बैठकीत मी उठून म्हटलं की तेव्हा घरात पिल्लं असतील. एकाने तिथल्या तिथे फोनवर शोधून वाचून दाखवलं: बीव्हर मार्चमध्ये वितात, म्हणजे मेपर्यंत पिल्लं सुटी झालेली असणार. मी स्वतः एका ठिकाणी जून वाचलंय, दुसऱ्या ठिकाणी तर ऑगस्टपर्यंत. ठाम काही सांगता आलं नाही आणि विषय मतदानाला गेला.

हे मला इतकं का लागलंय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या ओढ्यावरचा असाच बांध मेअखेरीस फोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले. घराचं दार एरवी पाण्याखाली असतं, ते चिखलात उघडं पडलं होतं. मोठं बीव्हर हनुवटी आणि पुढच्या पायांच्या मध्ये पिल्लू धरून, मागच्या दोन पायांवर चालत ओढ्याकडे निघालं होतं. एक पिल्लू नेलं, परत आलं, दुसरं नेलं. तिसरं दारातल्या चिखलात पडलेलं होतं, ते हललं नाही. मी काठावर उभी होते आणि काही करू शकले नाही.

अण्णांना मिरजेला फोन केला. ते म्हणाले, "माजावर कधी येते ते बघ आणि पुढे मोज. म्हशीचे दहा महिने दहा दिवस. तुझ्या जनावराचे किती?" तेच मला इथे विचारायचंय. जनावर एकच, मग प्रत्येक ठिकाणी महिना वेगळा का? आणि माझ्या तळ्यासाठी कुठला धरू?

टे_काठचा | ४ एप्रिल

ताई, मी स्कॉटलंडात पर्थजवळ राहतो. टे नदीच्या खोऱ्यात बीव्हर भरपूर आहेत. मात्र इकडचा बीव्हर युरोपीय, तुमच्याकडचा अमेरिकन. दिसायला सारखे, पण याची गुणसूत्रं ४८ आणि त्याची ४०. दोघांची संतती होत नाही. हंगाम मात्र जवळजवळ जुळतो: समागम मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत, पिल्लं बहुतेक मे-जूनमध्ये, एका वेळी सरासरी दोन-तीन.

समितीपुढे ठेवायला एक गोष्ट देतो. मे २०१९ पासून इथे बीव्हरला कायद्याचं संरक्षण आहे आणि १ एप्रिल ते १६ ऑगस्ट हा काळ पिल्लं आईवर अवलंबून असण्याचा धरला जातो. एप्रिलपासूनच का, तर मादी तेव्हा पोटुशी आणि जड असते. जर्मनीतल्या बव्हेरियातही बीव्हर पकडायला परवानगी मिळते ती साधारण १ सप्टेंबर ते १५ मार्च एवढ्याच काळात. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण हे देश मे महिन्यात हात का आखडतात ते तरी समितीला कळेल.

गुरांचा_डॉक्टर | ५ एप्रिल

अण्णांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. मी शिरवळला पशुवैद्यकी शिकलो आणि गेली बरीच वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामात आहे. तुमच्या बैठकीत मार्च वाचून दाखवला ना, तो बहुधा माझ्याकडचा मार्च होता.

गाभण काळ धरा साधारण १०५ ते १०७ दिवस, साडेतीन महिने. हा आकडा अलाबामात आणि ओटावात एकच. फरक पडतो मादी माजावर कधी येते त्यात. आमच्याकडे तळी गोठत नाहीत, हिरवं खाणं हिवाळ्यातही मिळतं. त्यामुळे नोव्हेंबरअखेर-डिसेंबरपासूनच समागम सुरू होतो आणि हंगाम लांबतो. १ डिसेंबरला लागलेली मादी १८ मार्चच्या आसपास विते. तुमच्याकडे जोडी मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत जुळते, तीही बर्फाखालच्या पाण्यात किंवा घरात, म्हणून कुणाला दिसत नाही. २५ जानेवारी धरलीत तर १२ मे येतो, १० फेब्रुवारी धरलीत तर २८ मे. मादी पहिल्या खेपेला राहिली नाही तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, मग जूनचा मध्य. आता तुमच्या समितीची तारीख बघा. वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा निवडलाय त्यांनी.

उत्तरेत उशीर का, तेही समजून घ्या. नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत ते कुटुंब पाण्याखाली खोचून ठेवलेल्या फांद्यांवर जगतं. फेब्रुवारीत पिल्लं झाली तर दुभत्या आईला खायला सालीपलीकडे काही नाही. मे-जूनमध्ये झाली तर कोवळी पानं, पाणवनस्पती, सगळं दारात. आणि तिला चांगलं खायला लागतंच. म्हशीच्या दुधात फॅट सातच्या आसपास, बीव्हरच्या दुधात सुमारे १९ टक्के. एवढं दाट दूध तीन-चार पिल्लांना पाजायचं आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत त्यांना वाढवायचं, हे त्या आईपुढचं काम आहे. वर्षाला वीत एकच, आणि कुटुंबात विते ती बहुतेक एकच मादी. ती वीत गेली की ते वर्ष गेलं.

"मेपर्यंत सुटी होतात" हेही कुणी खरं धरू नये. पिल्लू जन्मतः अर्ध्या किलोचं, अंगावर पूर्ण लव, डोळे उघडे, दातही आलेले. दिवसभरात पोहायलाही लागतं. पण ते बुचासारखं तरंगतं, त्याला बुडी मारता येत नाही. घराचं दार पाण्याखाली आणि बुडी येत नाही, म्हणून पहिला महिनाभर ते आतच राहतं. दूध सुटायला दोनेक महिने. पाणी उतरवलंत तर आईला त्यांना एकेक करून उचलून न्यावं लागतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. वाचून मलाही वाईट वाटलं.

खुणा सांगतो, वहीत तारीख टाकत जा. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, पण पाजणाऱ्या मादीचे छातीवरचे चार सड फुगलेले दिसतात. ती काठावर बसून खात असेल तेव्हा दुर्बिणीने बघा. दोन वर्षांची मोठी पोरं याच सुमारास घर सोडतात. मोठी बीव्हरं पानांसकट कोवळ्या डहाळ्या घरात न्यायला लागली की आत खाणारं कुणीतरी आहे. आणि वारा पडलेला असताना काठावर गप्प बसा. पिल्लांचं कुंईकुंई बाहेरपर्यंत ऐकू येतं.

पायवाटेचं पाणीही खरं आहे, ते नाकारू नका. पण बांध फोडून काही होत नाही. वाहत्या पाण्याचा आवाज आला की ते रातोरात पुन्हा बांधतात. बांधातून आरपार मोठा पाइप टाकतात, त्याचं तोंड बांधापासून लांब, खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. आवाज होत नाही, म्हणून ते बुजवायला येत नाहीत, आणि पाणी ठरलेल्या पातळीला राहतं. तुमच्या नदीपलीकडे गॅटिनो पार्कात असे पाइप वर्षानुवर्षं वापरतात. जाऊन फोटो काढा. फक्त हेही काम ऑगस्टनंतर करा.

दक्षिणटोक | ५ एप्रिल

डॉक्टरांच्या हिशेबात भर. आम्ही उश्वायाला गेलो होतो, अर्जेंटिनाच्या तळाच्या बेटांवर. तिथे १९४६ साली कॅनडातून २० बीव्हर नेऊन सोडले होते, फरच्या धंद्यासाठी. आता त्या बेटांवर हजारोंनी आहेत. तिथली झाडं तोडल्यावर खोडापासून पुन्हा फुटत नाहीत, त्यामुळे दऱ्याच्या दऱ्या वाळून उभ्या आहेत. बघवत नाही. पण प्रश्नापुरतं: तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट, म्हणून बीव्हरचं वर्षही सहा महिने उलटलंय. समागम त्या थंडीत आणि पिल्लं तिथल्या वसंताच्या शेवटी.

मिरजेची_ओटावात | ६ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमची मोजणी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेली: माजाची तारीख, अधिक १०७, अधिक दोन महिने. सोबत स्कॉटलंडच्या तारखा आणि गॅटिनो पार्कातल्या पाइपचे फोटो. दोन मतांनी ठराव फिरला. तोडफोड रद्द, पाइप सप्टेंबरात. तोवर पायवाटेच्या खोलगट भागावर फळ्या टाकल्यात. मार्च वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांनीच त्या ठोकायला मदत केली.

वहीतल्या नोंदी: २० मे, एक मोठं बीव्हर चार दिवस दिसलंच नाही, दुसरं सारखं घराभोवती. २ जून, रात्री नऊला वारा नव्हता, घरातून बारीक आवाज, तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा. मी तिथूनच अण्णांना फोन लावला आणि फोन पाण्याकडे धरला. त्यांना काही ऐकू आलं नाही, पण ठेवू नकोस म्हणाले. ११ जून, विलोच्या पानांसकट फांद्या आत.

काल संध्याकाळी एक पिल्लू बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले तसं अगदी बुचासारखं. बुडी मारायला डोकं खाली घालायचं आणि पाठ वरच राहायची. गेल्या वर्षीचं भावंड त्याच्याभोवती गोल फिरत होतं. दुसरं पिल्लू दाराजवळ पाण्याखालून वर आलं आणि लगेच आत गेलं, त्यामुळे मी दोनच लिहिलीत. अण्णा म्हणतायत आत अजून असणार, रोज जाऊन मोज.